रेड रोडची परेड आणि आमच्या गल्लीतली पूजा

कोलकात्याला पोस्टिंग झालेल्या मराठी माणसाला गावाकडून पहिला प्रश्न येतो मिष्टी दोईचा आणि दुसरा दुर्गापूजेचा. अलीकडे या दुसऱ्या प्रश्नाला एक शेपूट फुटले आहे. "रेड रोडवरचा तो पूजा कार्निव्हल बघितलात का? पास कुठे मिळतो?" माझे जुने सहकारी, त्यांची नोकरीला लागलेली मुले, कधी कधी अनोळखी वाचकसुद्धा फोन करून हेच विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझे मत थोडक्यात असे. पास मिळाला तर रेड रोडला जरूर जा, पण दुर्गापूजा पाहिली असे म्हणू नका आणि कार्निव्हल पाहिला असे तर मुळीच म्हणू नका. तुम्ही पाहाल ती परेड. आणि परेड कशाला म्हणतात हे आपल्या मंडळींना कोणी शिकवायला नको.

माझी गार्डन रीचची पोस्टिंग २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षांची. मी नौदलात विद्युत शाखेचा माणूस. तिथल्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकांवर देखरेख करणारे नौदलाचे पथक असते, त्यात होतो. गोदीची मूळ कंपनी १८८४ सालची, सरकारने ती १९६० साली ताब्यात घेतली. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका 'अजय' १९६१ साली इथूनच नौदलात आली आणि मार्च २०१९ मध्ये गोदीने शंभरावी युद्धनौका दिली, तेव्हा मी तिथेच होतो.

गार्डन रीच म्हणजे हुगळीचा पूर्व काठ, खिदिरपूरच्या पुढचा. कंपनी सरकारच्या काळात इथे साहेबांचे बागबंगले होते, त्यावरून हे नाव पडले. १८५६ साली इंग्रजांनी अवध गिळले, तेव्हा नबाब वाजिद अली शाह इथल्या मटियाबुर्जला येऊन राहिला आणि १८८७ साली इथेच वारला. त्याच्यामागोमाग खानसामे, गवई, पतंगबाज, शिंपी असा सगळा लखनौचा लवाजमा आला. त्यातल्या शिलाईच्या धंद्याने इथे चांगलेच मूळ धरले. आजही मटियाबुर्जच्या गल्ल्यांत तयार कपड्यांचा मोठा व्यापार चालतो आणि ईद असो की पूजा, शिवणयंत्रांचा आवाज रात्रभर थांबत नाही. सप्टेंबरात विश्वकर्मापूजेच्या दिवशी आकाश पतंगांनी भरून जाते. मोहरमला ताजिये निघतात. एका गल्लीत बंगाली, दुसरीत उर्दू, तिसरीत बिहारकडची भोजपुरी ऐकू येते. अशा वस्तीत मी आणि सौ. तीन पूजा राहिलो. जे लिहितो आहे ते या तीन वर्षांच्या जोरावर.

आधी रेड रोडचे सांगतो. हा रस्ता मैदानातून जातो. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला, तेव्हा तोफांना मोकळा पल्ला मिळावा म्हणून किल्ल्याभोवतालची जागा मोकळी ठेवली. तेच आजचे मैदान, आणि त्याची मालकी अजून लष्कराकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धात या रेड रोडची धावपट्टी केली होती, लढाऊ विमाने इथून उडत. ईदची मोठी नमाज इथे होते. २६ जानेवारीला राज्याचे संचलन इथेच होते आणि राज्यपाल सलामी घेतात. २०१६ सालापासून दशमीनंतर एके संध्याकाळी शहरातल्या निवडक पूजामंडळांच्या मूर्ती या रस्त्यावरून मिरवत नेतात आणि मग विसर्जनाला घाटावर जातात. सरकार याला कार्निव्हल म्हणते.

दुसऱ्या वर्षी मला पास मिळाला. रोषणाई डोळे दिपवणारी होती. एकेक मूर्ती मोठ्या ट्रकवर उभी, पुढे एका रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे पथक, कुठे छाऊचे मुखवटे, कुठे शाळेची मुले, मागे ढाकी. दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा, मध्यभागी मुख्यमंत्री आणि पाहुण्यांचा मंच. पथक मंचासमोर आले की थांबायचे, नेमून दिलेली मिनिटे नाचायचे, की पुढचे पथक. माझी जागा मंचाच्या बरीच पुढे, घाटाच्या बाजूला होती. तिथे मला जे दिसले ते मधल्या खुर्च्यांवरून दिसले नसते. मंच ओलांडला की ढाक थांबायचे. ढाकी ट्रकच्या फळीवर टेकायचे, गळ्यातला पट्टा सैल करायचे आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायचे. सलामी मंच ओलांडल्यावर 'सामने देख' झाले की आपला खांदा जसा आपोआप सैल पडतो, हुबेहूब तसे.

हा कार्यक्रम वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्यांना गर्दीत पंडाल-पंडाल फिरणे जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना एका जागी बसून इतक्या मूर्ती बघायला मिळतात. कुमारटुलीच्या मूर्तिकारांचे काम जगापुढे येते. २०२१ साली युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यानंतर परदेशी पाहुणेही येतात, आणि पाहुण्यांना बसवायला खुर्ची लागतेच. माझी तक्रार फक्त शब्दाबद्दल आहे. जिथे कोणीतरी सलामी घेते ती परेड. कार्निव्हलमध्ये सलामी घेणारा कोणी नसतो. असलाच, तर त्याची टिंगल करायला असतो.

हे मी पुस्तके वाचून सांगत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातला आहे आणि आमच्याकडे शिमगा असतो. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे होळी एका रात्रीत संपत नाही. ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघर फिरते. खेळे येतात. काळा पोशाख, शंकूसारखी उंच टोपी आणि लांब दाढी लावलेला संकासूर येतो. पोरे त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. लुगडे नेसलेला पुरुष नाचतो. एरवी ज्याच्यापुढे मान वर करायची सोय नाही, त्याच्या नावानेही त्या दिवसांत बोंब मारता येते आणि त्याने ती हसून घ्यायची असते. मुख्य म्हणजे तिथे प्रेक्षक नावाची जमात नसते. मुंबईहून आलेला चाकरमानी कितीही मोठा साहेब असला, तरी पालखी दारात आली की खांदा द्यावाच लागतो.

पुढे गोव्यात दाबोळीला असताना तिथला कार्निव्हल पाहिला. पणजीत किंग मोमोची मिरवणूक निघते, चित्ररथ असतात, त्यांवर जाहिराती असतात. सासष्टीच्या गावांत त्याच दिवसांत खेळ होतात. गावच्याच लोकांनी गावच्याच अंगणात करायची, गावच्याच भानगडींवरची नाटके. मला कोंकणीतले विनोद निसटत होते, तर शेजारचा अनोळखी म्हातारा कोपराने ढोसून ढोसून अर्थ सांगत होता. पणजीत मला कोणी ढोसले नाही.

आता कार्निव्हल ज्यांचा खास सण, त्यांच्याकडे बघू. जर्मनीत राइन नदीकाठी कोलोन शहर आहे. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी तिथे आठवडाभर धमाल चालते. गुरुवारी बायकांचे राज्य असते. त्या कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात, मग तो बँकेचा मॅनेजर असो की परदेशी पाहुणा. सोमवारी मोठी मिरवणूक निघते, गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पडतो आणि म्हातारेकोतारेसुद्धा ओरडून ती मागून घेतात.

पण आपल्यासारख्यांना रस वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. कोलोनची स्वतःची जुनी शहर-पलटण होती, लाल गणवेशाची. १७९४ साली फ्रेंच सैन्य शहरात शिरले आणि ती पलटण संपली. पुढे १८१५ साली शहर प्रशियाकडे गेले. प्रशियाची शिस्त काय होती ते लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना सांगायला नको. १८२३ साली कोलोनच्या लोकांनी समिती करून कार्निव्हलला शिस्त लावली, आणि त्याच वर्षी 'लाल ठिणग्या' नावाचे एक पथक उभे राहिले. गणवेश त्या जुन्या पलटणीचा. हातात लाकडी बंदुका, बंदुकीच्या नळीत फूल. नाच कसला, तर दोन-दोन शिपायांनी पाठीला पाठ लावून ढुंगणे घासायची. म्हणजे प्रशियाच्या राज्यात राहून शिपाईगिरीचीच रेवडी उडवायची. दोनशे वर्षे झाली, पथक अजून आहे. आज कोलोनमध्येही तिकिटाच्या खुर्च्या असतात आणि समित्या, पदाधिकारी, नियम सगळे असतात. त्यामुळे व्यवस्था आली की सण मेला असे मी म्हणणार नाही. व्यवस्थेची खिल्ली उडवायची मुभा शिल्लक आहे की नाही, एवढेच बघायचे.

कोलकात्यालाही हे नवीन नाही. बहुबाजार भागात जेलेपाडा म्हणून कोळ्यांची वस्ती होती. चैत्र संक्रांतीला तिथल्या लोकांची सोंगांची मिरवणूक निघायची आणि तीत बाबू लोक, नगरपालिका, ढोंगी बुवा, सगळ्यांची यथेच्छ हजेरी घेतली जायची. बंगालीत तिला 'शोंग' म्हणतात. आपले सोंग आणि त्यांचे शोंग, कानाला एकच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही मिरवणूक गाजत होती. ज्या शहराकडे हा वारसा आहे, त्याने खुर्च्यांपुढून शिस्तीत जाणाऱ्या मिरवणुकीला कार्निव्हल म्हणावे, याचे मला नवल वाटते.

मग दुर्गापूजेत कार्निव्हल आहे तरी कुठे? माझे उत्तर आहे, गल्लीत. बंगालीत 'पाडा' म्हणतात त्या पाच-पन्नास घरांच्या वस्तीत.

आमच्या गल्लीतल्या क्लबची पूजा लहान होती. तिला कोणी बक्षीस दिले नाही आणि रेड रोडचे बोलावणे तर शक्यच नव्हते. पहिल्या वर्षी श्रावणातच क्लबचे सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन आले. वर्गणीला ते चांदा म्हणतात. मी रत्नागिरीचा, म्हणजे महाराष्ट्रातला, हे कळल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मागे उभ्या असलेल्या पोरांना म्हणाले, "अरे, बर्गी सापडला!" मग माझ्याकडे वळून, "दादा, पावणेतीनशे वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडून वसूल केलेत. आता आमची पाळी." पोरे हसली, मीही हसलो आणि मनात होते त्याच्या दुप्पट रक्कम लिहिली. सौ. म्हणाली, "चौथाई द्यायची होती, तुम्ही अख्खी दिलीत."

ही थट्टा ज्या वाचकांना लागली नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. बारगीर म्हणजे सरकारी घोडा आणि हत्यार घेऊन लढणारा स्वार. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. बंगालीत बारगीरचा बर्गी झाला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. १७५१ साली नबाब अलीवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि सालिना बारा लाख चौथाई कबूल केली, तेव्हा हे थांबले. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा पराक्रमाचा एक परिच्छेद असतो. बंगालमध्ये ती अंगाईत शिल्लक आहे. आया लेकरांना थोपटताना बर्गी आल्याचे आणि आता सारा कुठून भरायचा याचे गाणे म्हणतात. १७४२ साली कोलकात्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पुढे बुजवला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. मी मुद्दाम जाऊन पाटी पाहून आलो.

याच इतिहासात एक प्रसंग आहे, तो प्रत्येक मराठी सैनिकाने लक्षात ठेवावा. रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, बंगालमध्ये ज्यांना भास्कर पंडित म्हणतात, त्यांनी १७४२ च्या शरदात काटव्याजवळ दाँईहाट इथे दुर्गापूजा मांडली. मोठ्या थाटाची. सामान आणि पैसा आसपासच्या जमीनदारांकडून वसूल केला. ऐन पूजेत, रात्री नदी ओलांडून अलीवर्दीच्या फौजेने पहाटे छापा घातला आणि पूजा पुरी होण्याआधीच मराठ्यांना तळ सोडावा लागला. दीड वर्षाने, मार्च १७४४ मध्ये, तहाच्या बोलण्याला बोलावून अलीवर्दीने भास्कररामांना दगा दिला आणि ठार केले. दग्याला दगाच म्हणायचे. पण मला त्या पूजेचा विचार सोडवत नाही. मराठी माणसाने बंगालच्या भूमीवर केलेली ती दुर्गापूजा. देवी तीच, तिथी तीच, भक्तीही खरी असेल. पण वर्गणी तलवारीच्या टोकावर गोळा केलेली, आणि आसपासच्या गावांतले कोण मनापासून दर्शनाला आले असेल? सण ताब्यात घेता येत नाही. त्यात कोणीतरी आपल्याला घ्यावे लागते.

उलट बाजूही आहे आणि तीही आपल्याला माहीत हवी. सखाराम गणेश देऊस्कर हे बंगालकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, बंगालीत लिहिणारे नामांकित लेखक. त्यांच्या पुढाकाराने १९०२ साली बंगालमध्ये शिवाजी उत्सव सुरू झाला. रवींद्रनाथांनी १९०४ साली त्यासाठी कविता लिहिली. १९०६ साली टिळक स्वतः कोलकात्याच्या उत्सवाला आले. ज्या मातीत बर्गीच्या नावाने मुले झोपवत होते, तिथल्या लोकांनी आपल्या राजाचा उत्सव केला. त्यासाठी आपण घोडेस्वार पाठवले नव्हते. एक लेखक तिथलाच होऊन राहिला होता, एवढेच. आणि आता २०२५ मध्ये बातमी आली की पूर्व कमांडचे मुख्यालय असलेल्या फोर्ट विल्यमचे नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून विजय दुर्ग केले आहे आणि तिथल्या सेंट जॉर्ज गेटचे शिवाजी गेट झाले आहे. कोकणी माणूस म्हणून मला आनंद झाला. पण त्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या मराठी जवानाला बर्गी हा शब्द माहीत असला, तर तो आनंद जास्त शहाणा होईल असेही वाटले.

तर आमची गल्ली. पावती फाडली म्हणजे तुम्ही आत आलात असे नाही. आत येण्यासाठी काम मिळावे लागते. मला ते पावसाने मिळवून दिले. सप्तमीच्या दुपारी सर आली आणि पंडालच्या लोखंडी पाइपला हात लावणाऱ्या एका मुलाला झटका बसला. मी घरून टेस्टर आणि हातमोजे आणले, मुख्य स्विच बंद करायला लावला आणि तीन तास जोडण्या तपासल्या. उघडे सांधे, अर्थिंगचा पत्ता नाही, आपल्याकडच्या कुठल्याही मांडवात असते तसेच. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी 'नेव्ही-दा' झालो होतो. दुसऱ्या वर्षी मला कोणी विचारले नाही, थेट वायरिंगची यादी हातात दिली. अष्टमीच्या अंजलीनंतर खिचडी, लाबडा आणि टोमॅटोची चटणी वाढायला मी पंगतीत बादली घेऊन फिरत होतो. संधिपूजेचे एकशे आठ दिवे लावायला सौ. होती. पंडालचे कापड आमच्या मागच्या गल्लीतल्या मुसलमान शिंप्याने शिवले होते आणि शिलाई घेतली नव्हती. मोहरमला पाणपोई लागली तेव्हा क्लबची पोरे तिथे पेले धूत होती. याचे भाषण कोणी केले नाही. ज्याच्याकडे हात मोकळे, त्याने काम करायचे.

आणि टिंगल? नवमीच्या रात्री पोरांनी छोटे नाटुकले केले. त्यात सेक्रेटरी होते, वॉर्डातले पुढारी होते आणि छातीवर चमच्यांची पदके लावून, हातात टेस्टर घेऊन कडक सलाम ठोकत फिरणारा एक नेव्ही-दाही होता. तो प्रत्येक गोष्टीची, शेवटी पुरोहिताचीसुद्धा, अर्थिंग तपासत होता. आमच्या पथकातला एक तरुण सहकारी सोबत आला होता, त्याला हे खटकले. म्हणाला, "वर्दीची चेष्टा करतात." मी त्याला बसवले. वर्दीचा अपमान आणि वर्दीतल्या माणसाची थट्टा यात फरक आहे. ज्याची थट्टा होते तो आपला झालेला असतो. मंचावरच्या पाहुण्याची कोणी थट्टा करत नाही.

दशमीला बायकांनी सिंदूर खेळून सौ.ला ओळखू येणार नाही इतकी लाल केली. मूर्ती ट्रकवर चढवायची वेळ आली तेव्हा दोर माझ्या हाती आला. खलाशाला गाठ शिकवावी लागत नाही. घाटावर मूर्ती पाण्यात गेली आणि सगळे ओरडले, "आश्चे बोछोर आबार होबे," म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा होणार. आपण देवाला पुढच्या वर्षी लवकर ये म्हणतो, ते एकमेकांना पुन्हा करू म्हणतात. मला त्यांचे म्हणणे जास्त कामाचे वाटले, कारण देव येतोच, प्रश्न माणसे जमण्याचा असतो.

आता थोडे आपल्याविषयी. पोस्टिंग कुठेही असो, आपण मराठी मंडळी गणपती बसवतो. चांगली गोष्ट आहे. मीही बसवला आहे, आरत्या म्हटल्या आहेत, मोदक कमी पडले म्हणून वाद घातले आहेत. पण बहुतेक ठिकाणी हा गणपती गेटच्या आत बसतो आणि गेटच्या आतच विसर्जित होतो. तीन वर्षे माणूस एका गावात काढतो आणि जाताना त्याला बाहेरची ओळख म्हणून बाजार, रिक्षावाला आणि स्टेशन एवढेच माहीत असते. हा दोष एकट्या मराठी माणसाचा नाही. पंजाबी, तमिळ, गढवाली, सगळे आपापला सण गेटच्या आत करतात. त्याला कारणेही आहेत. सुरक्षा आहे, ड्युटी आहे, बाहेरच्या राजकारणात वर्दी ओढली जाण्याची भीती आहे. ही भीती खोटी नाही. पूजेच्या मंडळांमागे पुढारी असतात, आणि कोणाच्या मंचावर आपला फोटो निघेल ते सांगता येत नाही. म्हणूनच मी म्हणतो, मंचावर जाऊ नका, वायरिंगकडे जा. नोकरीत असताना वरिष्ठांना सांगून, साध्या कपड्यांत, लहान पूजेत जा. बादली उचलणाऱ्याला कोणी पक्ष विचारत नाही.

माझा अनुभव असा की हे सगळे परत फिरून गेटपर्यंत येते. तिसऱ्या वर्षी आमच्या गणपतीला गल्लीतल्या बारा जणांना बोलावायचे ठरवले. नावे, ओळखपत्रे, परवानगी, सगळे रीतसर केले, आणि त्याला दीड आठवडा लागला. बारा जण आले. बंगालीत सार्वजनिक पूजेला 'बारोयारी' म्हणतात. हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तीपाड्याला बारा मित्रांनी मिळून पूजा केली, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात, त्यामुळे बारा हा आकडा त्यांना फार आवडला. सेक्रेटरींनी आरतीला टाळ धरला, ठेका चुकला, आणि आमच्या साताऱ्याच्या पोराने त्यांना बिनदिक्कत ढोसले. मला तेव्हा सासष्टीचा म्हातारा आठवला.

म्हणून नव्याने पूर्वेला निघालेल्या मुलांना माझे सांगणे एवढेच. पहिल्या वर्षी रेड रोडला जा, फोटो काढा, घरी पाठवा. दुसऱ्या वर्षी आपल्या राहत्या गल्लीतला सर्वांत लहान पंडाल शोधा आणि विचारा, काय काम आहे? ईशान्येला, पंजाबात, केरळात, कुठेही असलात तरी हेच विचारा. नव्या माणसाला लोक हलके काम देतात. ते नीट केलेत की पुढच्या वर्षी जड काम मिळते. आणि ज्या दिवशी ते तुमची नक्कल करतील, त्या दिवशी रागावू नका. खुर्ची ओढा आणि पुढच्या रांगेत बसा.